विचारा की राव! फुटबॉलवाला टीव्हीवर नाचला तर बिघडलं काय?

या महिन्यात पत्रं आणि मेसेज उघडले तर जिकडंतिकडं एकच विषय. कोल्हापुरातला एक पोरगा, तालमीकडनं म्हणजे पेठेच्या फुटबॉल क्लबकडनं खेळणारा, टीव्हीवरच्या डान्सच्या स्पर्धेत चाललाय अशी चर्चा आहे, ती खरी का खोटी ते चॅनेलवाले सांगतील. काही जणांनी त्याचं नाव, पेठ, जर्सी नंबर सगळं लिहून पाठवलंय, ते मी छापणार नाही, पोराला सुखानं प्रॅक्टिस करू द्या. पण प्रश्न चांगले आहेत म्हणून सगळा अंक त्यालाच.

प्रश्न : दादा, आमच्या तालमीचा फॉरवर्ड डान्स शोत चाललाय म्हणं. ग्रुपवर नुसता दंगा चालू आहे. निम्मी पोरं म्हणत्यात नाद खुळा भावा, निम्मी म्हणत्यात आता पायात चाळ बांधूनच स्टेडियमवर ये. माझं म्हणणं एकच, फुटबॉलवाल्यानं फुटबॉल खेळावा. असलं कुठल्या मोठ्या खेळाडूनं केलंय का कधी, का आमच्याच नशिबी हे? — एक समर्थक, मंगळवार पेठ

केलंय की. आणि साध्यासुध्या खेळाडूनं नाही, भारताच्या कॅप्टननं केलंय. बायचुंग भुतिया. २००९ साली सोनीवर 'झलक दिखला जा'चा तिसरा सीझन होता, फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू झाला आणि मे संपता संपता फायनल झाली, त्यात हा गडी कोरिओग्राफर सोनिया जाफरबरोबर उतरला, समोर गौहर खान, करणसिंग ग्रोव्हर असली मंडळी म्हणजे ज्यांचं पोटच कॅमेऱ्यावर चालतं, परीक्षकांच्या खुर्चीत सरोज खान, वैभवी मर्चंट आणि जुही चावला, आणि शेवटी ट्रॉफी उचलली कुणी, तर सिक्कीममधल्या तिनकिताम गावच्या स्ट्रायकरनं. तेव्हा तो रिटायर वगैरे झालेला नव्हता, चांगला खेळत होता.

आता चाळ बांध म्हणणाऱ्यांनी जरा ऐका. हा तोच माणूस ज्यानं १९९७ च्या फेडरेशन कपच्या सेमीफायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, १ लाख ३० हजारांच्या वर पब्लिक बसलेलं असताना, ईस्ट बंगालकडनं मोहन बागानवर हॅटट्रिक मारली. १९९९ मध्ये इंग्लंडच्या 'बरी' नावाच्या क्लबकडनं खेळायला गेला. अर्जुन पुरस्कार १९९८, पद्मश्री २००८. आणि नाचून आल्यावर पाय गेले का त्याचे? फायनल झाली मे अखेर, आणि ऑगस्टमध्ये दिल्लीत नेहरू कप, फायनलला सीरिया, मॅच पेनल्टीवर गेली आणि कप भारतानं घेतला, कॅप्टन हाच.

तेव्हा मर्दपणाचा मुद्दा सोडा. आणि एक सांगा, फायनल जिंकल्यावर गुलालात न्हाऊन डॉल्बीपुढं मध्यरात्रीपर्यंत नाचतोय तो कोण असतो? तोच फॉरवर्ड, आणि शेजारी तुम्ही. तिथं नाचलेलं चालतंय, टीव्हीवर मापात नाचलेलं चालत नाही, हे काय गणित मला कळत नाही.

पण तुमच्या रागातला एक भाग मी खरा धरतो. भुतिया त्यावेळी मोहन बागानकडं होता. शोच्या तयारीसाठी एक प्रदर्शनी सामना त्यानं सोडला, क्लब भडकला, वाद पेपरात आला, आणि त्याच उन्हाळ्यात तो परत ईस्ट बंगालला गेला. बागान सोडून ईस्ट बंगालला जाणं म्हणजे काय हे कोल्हापुरातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, एका पेठेची जर्सी काढून समोरच्या पेठेची घालण्यासारखंच. म्हणजे भांडण नाचण्यावरनं नव्हतंच, तारखांवरनं होतं. तुमच्या ग्रुपवर पण जर भांडायचंच असेल तर यावर भांडा, की शूटिंग सीझनमध्ये येतंय का सीझननंतर, आणि पोरानं तालमीला आधी सांगितलं होतं का नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरनं कळलं. आपल्याकडं दिवाळीनंतर शाहू स्टेडियमवर जे सुरू होतं ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं, लीग, मग एकामागनं एक टुर्नामेंट. त्या काळात मुंबईला जाऊन बसला तर राग यायचाच, मलाही येईल. पावसाळ्यात गेला तर तुमचं काय जातंय?

प्रश्न : अमेरिकेत म्हणे फुटबॉलवाले अशा शोत जातातच आणि जिंकतात पण. एवढी आडदांड माणसं नाचून जिंकतात कशी? का सगळं फिक्स असतं? — कॉलेज विद्यार्थी, राजारामपुरी

आधी एक लक्षात घे, अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबुळका बॉल, हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर पडून थांबवायचं. त्यांच्या लीगला एनएफएल म्हणतात. आणि शोचं नाव 'डान्सिंग विथ द स्टार्स', एबीसी चॅनेलवर २००५ मध्ये सुरू झाला, मूळ कल्पना बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'ची, आपला 'झलक' पण त्याच घराण्यातला.

जिंकलेले बघ. २००६ ला एमिट स्मिथ, तो तर बॉल घेऊन पळण्यात एनएफएलच्या इतिहासात एक नंबर, १८,३५५ यार्ड, अजून कुणी मोडलेला नाही. २०११ ला हाइन्स वॉर्ड. २०१२ ला डोनाल्ड ड्रायव्हर. २०१७ ला रशाद जेनिंग्ज. दुसरा नंबर काढलेले वेगळेच, जेरी राइस २००६ ला, आणि २००८ मध्ये तर एकाच वर्षी दोघं, वसंतातल्या सीझनला जेसन टेलर आणि शरदातल्या सीझनला वॉरन सॅप, हा सॅप म्हणजे सव्वाशे किलोच्या वरचा माणूस, समोरची भिंत पाडणं हे त्याचं काम, तो पण फायनलपर्यंत नाचत गेला.

फिक्स नसतं. माझं निरीक्षण सांगतो. यातली बरीच नावं बघितलीस तर ती दोनच जागांवर खेळणाऱ्यांची आहेत, एक रिसीव्हर आणि दुसरी बॉल घेऊन पळणारा. राइस, वॉर्ड, ड्रायव्हर, शिवाय २०१३ ला तिसरा आलेला जकोबी जोन्स, २०१६ ला तिसरा आलेला कॅल्विन जॉन्सन, सगळे रिसीव्हर. आता रिसीव्हर काय करतो, तर ठरलेली पावलं मोजून पळतो, इतकी पावलं सरळ, मग झटक्यात आत किंवा बाहेर वळायचं, आणि त्याच क्षणाला बॉल तिथं येणार असतो, कारण फेकणारा पण स्वतःची पावलं मोजूनच मागं सरकलेला असतो. एक पाऊल लवकर पडलं तरी खेळ बिघडला. म्हणजे हा माणूस आयुष्यभर मोजणीवर आणि जोडीदाराच्या टायमिंगवरच जगलाय, फक्त गाणं नव्हतं. त्यात त्यांच्याकडं दर आठवड्याला नवीन मॅचचा नवीन प्लॅन पाठ करायचा, चुकलं की कोच ओरडणार, रात्री व्हिडिओ बघून परत दुरुस्त करायचं. डान्स शोत काय असतं वेगळं? दर आठवड्याला नवीन डान्स, चुकलं की शिकवणारी ओरडणार, व्हिडिओ बघा. नट लोकांना हे जड जातं, यांना सवय असते.

आपल्या फुटबॉलमध्ये असं ठरवून पाठ केलेलं फार कमी, फ्री किक आणि कॉर्नर सोडला तर बाकी सगळं समोरचा काय करतोय त्यावर. त्यामुळं भुतियाचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं.

आणि तारखांचं म्हणशील तर एनएफएलचा सीझन सप्टेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, झाली की संपतो. शोचा वसंतातला सीझन तेव्हा मार्च ते मे असायचा. म्हणून वॉर्ड आणि ड्रायव्हर दोघं खेळत असताना नाचून आले आणि परत टीममध्ये गेले. २०१६ ला व्हॉन मिलर तर फेब्रुवारीत सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि पुढच्याच महिन्यात शोत. पण तिथंही सगळं गोड नाही. वर ज्या जेसन टेलरचं नाव घेतलं तो तेव्हा मायामीकडं होता, शोमुळं टीमच्या ऑफ-सीझन प्रॅक्टिसला नव्हता, वरच्या लोकांना ते आवडलं नाही, आणि जुलैमध्ये त्याला वॉशिंग्टनच्या टीमला देऊन टाकलं. बागानची आठवण आली का नाही?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, रोज संध्याकाळी गांधी मैदानावर फुटबॉल खेळतो. आता ही टीव्हीची चर्चा ऐकून मला डान्स क्लास लाव म्हणून मागं लागलाय. त्याचे कोच म्हणतात पाय खराब होतील. मिस्टर म्हणतात दोन्ही बंद कर आणि दहावीचा अभ्यास कर. मी कुणाचं ऐकू? — एक आई, शिवाजी पेठ

ताई, मिस्टरांच्या प्रश्नात मी पडत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

कोचचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाय खराब होतात ते नाचण्यानं नाही, दोन्हीची बेरीज कुणी करत नाही त्यानं. मैदानावरचा कोच म्हणतो माझे दोन तास, क्लासवाला म्हणतो माझा एक तास, शाळेत पीटी, रविवारी मॅच, आणि शरीर एकच. त्यात हे वय उंची वाढायचं. या वयात खूप पळणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या पोरांना गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर टेंगूळ येऊन दुखतं, किंवा टाच दुखते, सकाळी उठल्यावर लंगडतात. घाबरायचं कारण नसतं पण तेल लावून पळवायचं पण नसतं, कमी करायचं असतं आणि दाखवायचं असतं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, ना बॉल ना डान्स. मॅचच्या आदल्या दिवशी क्लास नको. आणि क्लास लावायच्या आधी एकदा जाऊन खालची फरशी बघून या. आपल्याकडं बरेच क्लास हॉलमध्ये नाहीतर गच्चीवर चालतात, खाली सिमेंट नाहीतर टाइल्स, त्यावर अनवाणी उड्या मारून नडगी दुखायला लागते. लाकडी फरशी असेल तर उत्तम, नसेल तर निदान मॅट आणि बूट.

फायदा विचाराल तर आहे, आणि बराच आहे. आपल्या पोरांचा एकच पाय चालतो, उजवा असेल तर डावा नुसता उभं राहायला. डान्समध्ये जे उजवीकडं केलं ते डावीकडंही करावं लागतं, सुटका नाही. एका पायावर तोल, घोट्याची ताकद, कंबर मोकळी होणं, हे सगळं मैदानावर उपयोगी पडतं. इंग्लंडचा डिफेंडर रिओ फर्डिनांड लहानपणी लंडनच्या बॅले स्कूलमध्ये शिकलेला. अमेरिकेचा लिन स्वान, पिट्सबर्गकडनं चार सुपर बोल जिंकलेला, तो लहानपणापासून डान्स शिकलेला आणि हवेत झेप घेऊन बॉल पकडण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हता. हर्शेल वॉकर म्हणून तर एनएफएलमध्ये एक रानगवा होता, तो खेळत असतानाच १९८८ मध्ये फोर्ट वर्थ बॅलेच्या कार्यक्रमात स्टेजवर नाचला.

काय मिळणार नाही तेही सांगतो. नव्वद मिनिटांचा दम डान्सनं येत नाही, धक्का खाऊन उभं राहणं येत नाही, आणि बॉलचा टच तर अजिबात येत नाही. त्यामुळं डान्स क्लास लावला म्हणून मैदान कमी केलं असं होऊ देऊ नका, जर त्याला खरंच खेळायचं असेल तर. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, ते काही आठवड्यातनं तीन दिवस खेळून झालेलं नाही.

लावा क्लास. तीन महिने बघा, पोरगा स्वतःच ठरवेल.

प्रश्न : जो चांगला नाचतो तो हरतो आणि ज्याला मतं जास्त तो जिंकतो, मग स्पर्धा कसली ही? — वाचक, कदमवाडी

परीक्षकांचे मार्क आणि लोकांची मतं मिळून निकाल लागतो, त्यामुळं हे होणारच. २००८ मध्ये बीबीसीवर जॉन सार्जंट नावाचे पत्रकार होते, नाचता येत नव्हतं, परीक्षक वैतागलेले, पण लोक दर आठवड्याला त्यांनाच वाचवायचे, शेवटी त्यांनीच आपणहून शो सोडला, म्हणाले आता मीच जिंकलो तर फारच होईल, अशा अर्थाचं. अमेरिकेत २०१८ ला बॉबी बोन्स हा रेडिओवाला कमी मार्क घेऊन थेट जिंकला, आणि त्याच सीझनला डेमार्कस वेअर हा फुटबॉलवाला आधीच घरी गेलेला. एवढी बोंब झाली की पुढच्या वर्षी नियम बदलला, तळातल्या दोघांपैकी कुणाला वाचवायचं ते परीक्षकांनी ठरवायचं असं झालं.

मला विचाराल तर हा दोष नाही, तो शो असाच बनवलेला आहे. निव्वळ नाच बघायचा असेल तर त्याच्या वेगळ्या स्पर्धा असतात, तिथं मात्र बघायला कोण जात नाही.

प्रश्न : समोरच्या पेठेतला पोरगा आहे, जन्मात त्याच्या गोलला टाळी वाजवली नाही. आता व्होट करायचं का? — कट्टर, नाव नको

करा. कोण बघायलंय.

प्रश्न : सगळे पोरांचंच बोलतात. आमच्या मुली पण फुटबॉल खेळतात. मुलगी खेळाडू शोत गेली तर लोक म्हणतील बघा शेवटी नाचायलाच गेली. तुम्ही काय म्हणता? — मुलींच्या टीमची कोच, कसबा बावडा

मॅडम, हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे. पोरगा नाचला की लोकांना वाटतं खाली आला, पोरगी नाचली की वाटतं आता जागेवर आली. दोन्हीकडनं खेळाडूचं मरण.

अ‍ॅलेक्स स्कॉटचं उदाहरण मला आवडतं. इंग्लंडकडनं १४० मॅच, आर्सेनलकडनं खेळताना २००७ च्या युरोपियन फायनलमध्ये जिंकून देणारा गोल तिचा. रिटायर झाल्यावर टीव्हीवर फुटबॉलची समालोचक, म्हणजे पुरुषांच्या मॅचवर पण बोलणार, आणि २०१९ ला 'स्ट्रिक्टली'त. बघा क्रम कसा आहे, आधी खेळ, मग खेळावर बोलणं, आणि मग नाच, त्यामुळं तिला कुणी नाचणारी म्हणून ओळखलं नाही, फुटबॉलर नाचतेय असंच म्हटलं. गंमत म्हणजे त्या सीझनला मध्येच दुखापत झाली ती तिला नाही, तिला शिकवणाऱ्या नील जोन्सला, धंदेवाईक डान्सर तो, आणि काही आठवडे तिला दुसऱ्या जोडीदाराबरोबर नाचावं लागलं. त्याच वर्षी इंग्लंडचा जुना गोलकीपर डेव्हिड जेम्स पण होता, ती त्याच्यापेक्षा पुढं गेली.

तुमची मुलगी गेलीच तर एक गोष्ट चॅनेलला आधी सांगा, ओळख करून देताना क्लिपमध्ये मैदान दाखवा, तिचे गोल दाखवा, टीमच्या पोरी दाखवा. हे लोक नाहीतर घरातलं रडगाणं दाखवतात, वडील रिक्षा चालवतात, आईनं दागिने गहाण ठेवले, आणि खेळाचा विषय दोन सेकंदात आटोपतात. ते पोरांच्या बाबतीतही करतात पण मुलींच्या बाबतीत जरा जास्तच.

प्रश्न : मी स्वतः ए गटात खेळतो. एका शोसाठी विचारणा झाली आहे, पैसे बरे आहेत. डान्स गणपतीत केला तेवढाच. तालमीला कसं सांगू, आणि शरीराची तयारी काय करू? कृपया नाव देऊ नका. — एक खेळाडू

नाव देणार नाही, आणि तू तोच आहेस का ज्याच्यावर हा सगळा अंक निघाला, तेही विचारणार नाही.

आधी शरीर. तुझ्या पायाला बुटाखालच्या स्टडची सवय आहे. स्टड जमिनीला पकडून धरतो आणि तू त्याच्यावर वळतोस. डान्सचे लॅटिन बूट वेगळे असतात, खाली मऊ चामड्याचा तळ जो फरशीवर सरकतो आणि फिरतो, आणि पुरुषांच्या बुटालाही दीड इंचाच्या आसपास टाच. पहिल्या आठवड्यात पोटरीत गोळे येणार, कारण टाच वर गेली की सगळा भार पुढच्या पंज्यावर. फुटबॉलवाला कायम गुडघे वाकवून, खांदे पुढं टाकून, खाली बघत चालतो, तिथं पाठ सरळ, मान वर, हात हवेत धरून ठेवायचे, त्यामुळं पायापेक्षा आधी तुझे खांदे आणि पाठ दुखणार. जांघेकडं लक्ष ठेव. फुटबॉलवाल्यांची जांघ आधीच आखडलेली असते, आणि तिथं दिग्दर्शक पाय फाकवून बसायला लावणारच, कारण टीव्हीवर ते भारी दिसतं. आर्सेनलचा टोनी अ‍ॅडम्स २०२२ मध्ये 'स्ट्रिक्टली'तनं बाहेर पडला तो मांडीच्या मागच्या स्नायूमुळं, आणि २०१९ ला अमेरिकेच्या शोतनं एनएफएलचा रे लुइस पायाच्या दुखापतीनं. दोघं रिटायर झालेले होते म्हणून निभावलं, तुला पुढं खेळायचंय. शोला महिना असेल तर आत्तापासनं रोज वीस मिनिटं नुसतं कंबर, जांघ आणि घोटा मोकळा करायला दे, आणि एखाद्या चांगल्या डान्सरकडं जाऊन आठच्या मोजणीवर चालायला शीक. नाचायला नंतर, आधी चालायला. हलगीच्या ठेक्यावर अंग आपोआप हलतं तुझं, ते जमेचं आहे, पण तिथं ठेका तुझ्या मागनं येतो, इथं तुला ठेक्याच्या मागं जायचंय.

आता कागद. एनएफएलच्या छापील करारात एक कलम असतं, क्लबच्या लेखी परवानगीशिवाय दुखापतीचा मोठा धोका असलेली दुसरी कुठलीही गोष्ट खेळाडूनं करायची नाही. आपल्याकडं तालमीचं सगळं तोंडी असतं, शब्दावर चालतं, त्याचा फायदा असा की कुणी कोर्टात जात नाही आणि तोटा असा की दुखापत झाली तर कोण बघणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून चॅनेलकडनं तू लिहून घे. शूटिंगच्या तारखा, रिहर्सलचे दिवस, रिहर्सलमध्ये लागलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, त्यानंतर जितके दिवस खेळता येणार नाही त्याचं काय, आणि मध्येच बाहेर पडावं लागलं तर पैसे कापणार का. अजून एक, करारात बऱ्याचदा असतं की शो संपल्यावरही काही महिने दुसऱ्या चॅनेलवर किंवा जाहिरातीत दिसायचं नाही. तुझ्या तालमीचा स्पॉन्सर जर्सीवर तुझा फोटो छापून बोर्ड लावणार असेल तर तिथं अडकशील. सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखव, हजार-दोन हजार जातील, जाऊ देत.

तालमीला सांगताना पैशाचं आधी बोलू नको, तारखांचं बोल. कोणत्या मॅचला मी आहे, कोणत्याला नाही, आणि माझ्या जागी कोण खेळू शकतो हे तूच सांगायचं. सीझनमधली एकही नॉकआउट मॅच सोडायची नाही, त्यासाठी चॅनेलनं हो म्हटलं नाही तर तू शोला नाही म्हण, असं माझं मत, तुला पटलं नाही तर तुझं तू बघ. फोनवर किंवा मेसेज टाकून सांगू नको, अध्यक्षांच्या घरी जा, कोचला बरोबर घे, आणि ग्रुपवर बातमी फुटायच्या आधी जा. ती बहुतेक फुटलेलीच आहे, त्यामुळं हा अंक हातात पडल्या पडल्या निघ.